झबीब गाढवाच्या तोंडून

जेद्दा, ९ फेब्रुवारी २०१९

ताई,

आणि आता तर तू गाढवाच्या तोंडून मला शिव्या द्यायला लागलीस! इतकी वर्षं स्वतःच्या तोंडाने देत होतीस, ते कमी पडलं? पत्र लिहीत नाही, पैसे वेळेवर पाठवत नाही, एका कामावर टिकत नाही, हे सगळं मी फोनवर मुकाट ऐकून घेतलं. पण थेट टीव्हीवर, सगळ्या येमेनला ऐकू जाईल असं?

'मी नव्हेच' म्हणू नकोस. कसं ओळखलं ते सांगतो. खानावळीच्या मागच्या खोलीत आमचा टीव्ही आहे. मांस भट्टीत सोडून झाकण लिंपलं की हात रिकामे होतात, तेव्हा आम्ही घरची चॅनलं लावतो. सनाचे रस्ते दिसतात, एखादं ओळखीचं दुकान दिसतं. शुक्रवारी मुलांचा कार्यक्रम लागला. लाल गोंड्याचं गाढव, नाव झबीब, म्हणजे मनुका, आणि डोळे खरोखरच मनुकांसारखे. त्याने पोरांना डाळिंबं मोजायला शिकवली. छान. मग म्हणालं, "आणि बाळांनो, आपल्यावर विमानं पाठवणाऱ्यांच्या देशात जाऊन जे त्यांची ताटं चाटतात, त्यांना काय म्हणायचं? ताटचाट्या!"

खोलीत सहा ताटचाटे बसले होते. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात गाढव म्हणालं, "ऐकलंस का रे दगडा?" आणि माझ्या हातातला पेला खाली पडला. आई गेल्यावर मला घास भरवताना तू हाच आवाज काढायचीस. तेव्हा गाढव नव्हतं, नुसती ताईच होती. फरक फारसा नव्हता म्हणा.

खरं सांग, तूच ना? सासूबाईंना माहीत आहे? तुझ्या पोराला, वद्दाहला? फोनवर सांगू नकोस, फोन तुझ्या सासूबाईंच्या उशाखाली असतो हे मला ठाऊक आहे. बसवाल्या मुकबिलकडे चिठ्ठी दे. गाल भरून पाला चघळतो, पण पत्र फोडत नाही.

तुझा भाऊ, ताटचाट्या
जुबरान


सना, २ मार्च २०१९

जुबरान्या,

हळू बोल! पत्रातही तुझा आवाज मोठाच येतो. तुझी चिठ्ठी वाचून चुलीत घातली. तूही ही तुमच्या त्या भट्टीत घाल.

हो. मीच ती.

शाळेचा पगार येऊन तीन वर्षं होत आली. तरी मी जात होते, कारण पोरं येतात. दुसरीला आकडे शिकवायला जुन्या मोज्याचं गाढव केलं होतं. चॅनलचे उस्ताद नशवान शाळेत कसलासा समारंभ टिपायला आले, गाढवाचं नाटक शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "या गाढवाला नोकरी हवी आहे का?" मी म्हटलं, "गाढवाला नको. त्याच्या आतल्या हाताला हवी." वद्दाहचे अब्बा एक दिवस बाजारात गेले, वर विमान आलं, आणि तेव्हापासून हे घर माझ्या एका हातावर चाललंय. आता तो हातही गाढवात.

सासूबाईंना सांगितलंय की मी तिथे कपडे शिवते. खोटं नाही, झबीबची झूल मीच शिवली. विधवा सून टीव्हीवर रेकते हे कळलं तर त्या आधी बेशुद्ध पडतील, मग उठून मला घराबाहेर काढतील.

वद्दाहलाही माहीत नाही. त्याला बारावं लागलंय. मोठा झालो म्हणतो, पण शुक्रवार आला की गच्चीवरची सौरपाटी स्वतः पुसून ठेवतो, मध्येच वीज जाऊ नये म्हणून. मी सांगते भेंडी खा, तर तोंड फिरवतो. झबीबने सांगितलं की भेंडीने गुडघे भक्कम होतात, तर दुसऱ्या दिवशी मला म्हणे, "अम्मा, भेंडी नाही का केलीस?" मी पातेल्यात तोंड घालून हसले. अकरा वर्षं आई होऊन जे जमलं नाही, ते एका महिन्यात गाढव होऊन जमलं.

ताटचाट्याचं म्हणशील तर ते मी लिहिलेलं नव्हतं. समोर कागद येतो, मी वाचते. 'दगडा' तेवढं माझं.

तू अजून त्याच खानावळीत आहेस की ती पण सोडलीस?

हुरिया


जेद्दा, २१ मार्च २०१९

ताई,

सोडली. आता पडद्यांच्या दुकानात आहे. दिवसभर श्रीमंतांच्या खिडक्या मोजतो. थंडगार हवा, पायाखाली गालिचा, फक्त मालक खोकला की सगळ्यांनी खोकायचं असतं. बघू किती दिवस.

तुझं गुपित पोटात ठेवलंय. एकदा निसटणार होतं. बोहऱ्याच्या दुकानात टीव्हीवर झबीब नाचत होता आणि मी म्हणालो, "ते गाढव माझी..." सगळे वळले. मी म्हटलं, "...माझी फार करमणूक करतं."

एक विचारू? चिडणार नसशील तर. चिडशीलच, तरी विचारतो. गेल्या दोन शुक्रवारी झबीबच्या अंगावर ते काय होतं? काडतुसांचा पट्टा? गाढवाला? अगं, आपल्या दरीत गाढवावर लोक सरपण लादायचे, पाणी लादायचे, एकदा तर काझीसाहेबांना लादलं होतं. हे नवीनच. आणि डाळिंबं मोजणारं गाढव आता पडलेली विमानं मोजतं. पोरांचं गणित पक्कं होईल, त्यात शंका नाही.

रविवारी फोन केला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, वद्दाह बाहेर खेळतोय. पण मागून त्याचा आवाज आला. म्हणत होता, "ताटचाट्याशी नाही बोलायचं मला." मी हसलो. सासूबाईंना वाटलं मला ऐकू आलं नाही. असू दे, पोरगा आहे. मीही सालेह मामाच्या उंटाला त्याचंच नाव ठेवलं होतं.

तरी ताई, तो कागद लिहिणाऱ्याला सांग ना, की सगळेच काही ताट चाटत नाहीत. काहीजण पडदे मोजतात.

जुबरान


सना, १४ एप्रिल २०१९

जुबरान,

चिडले. तू म्हणालास तशीच.

काडतुसं लाकडाची आहेत, रंगवलेली. पट्टा मी शिवला, जाड खाकी कापडाचा, तुझ्या श्रीमंतांच्या पडद्यांहून चांगला बसलाय. कार्यक्रम आता सगळ्यात जास्त पाहिला जातो. पोरं झबीबला चित्रं पाठवतात, खाऊ पाठवतात. एकीने खरंच गाजरं पाठवली, आम्ही रस्सा केला. युद्ध चालू आहे आणि गाढवाने फक्त फुलपाखरांची गाणी म्हणायची का? तू तिकडे गालिच्यावर उभा राहून विचारतोस, गाढवाच्या अंगावर हे काय. विमानं तुझ्या बाजूने येतात. तुला खुपत असेल तर आधी त्यांना विचार.

वद्दाह फोनवर आला नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. लाकडाची बंदूक केलीये, गल्लीतली पोरं मिळून पहारा देतात. पोरं खेळतातच.

परवा दुपारी विमान आलं, बॉम्ब आमच्यापासून लांब पडला. आम्ही सगळे जिन्याखाली. वद्दाहने माझा दंड धरला होता, उजवा, गाढवाचा. तोंडाने म्हणत होता मी घाबरत नाही, आणि दंडावर बोटं उमटली. शांत झाल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "चॅनलवर नाही ना पडला? झबीब ठीक असेल ना?"

मी म्हटलं, ठीक आहे.

हुरिया


जेद्दा, ५ मे २०१९

ताई,

विमानांचं बोललीस ते बरोबर. ज्या मालकाच्या खिडक्या मोजायचो त्याच्या घरी टीव्हीवर तीच विमानं विजय म्हणून दाखवायचे, आणि मी टेप हातात धरून 'माशाल्ला' म्हणायचो. माफ कर. पडद्यांचं दुकानही सोडलं. आता मध विकतो. माशा मालकापेक्षा बऱ्या.

पण आज तुला चिडवायला बसलो नाही. शेवटी थोडं चिडवीन, सवयीने.

शुक्रवारी झबीबने उन्हाळी छावणीचं सांगितलं. "या बाळांनो, तिथे पोहायला शिकवतात, कुराण शिकवतात, सिंह कसं व्हायचं ते शिकवतात. मीही येणार आहे." आमच्या खोलीत हज्जा प्रांतातला यह्या राहतो. मोठा धिप्पाड, मोठ्याने हसणारा. तो उठून बाहेर गेला. मी मागोमाग गेलो. त्याच्या बहिणीचा मुलगा गेल्या उन्हाळ्यात अशाच छावणीत गेला, पोहायला शिकायचं म्हणून. चौदा वर्षांचा. छावणीतून तो घरी आलाच नाही, परस्पर आघाडीवर गेला. मग एक दिवस गल्लीच्या भिंतीवर त्याचं चित्र आलं, भोवती शहिदांची हिरवी चौकट. यह्या म्हणाला, "पोहायला शिकला की नाही तेही कळलं नाही."

ताई, वद्दाहला आत्ताच बारावं लागलंय ना? एवढंच विचारतो. बाकी तू शहाणी आहेस, शिकलेली आहेस, आणि आता तर गाढवही आहेस.

जुबरान


सना, २९ मे २०१९

जुबरान,

वद्दाहने नाव दिलं. मला न विचारता, मशिदीपाशी टेबल लावलं होतं तिथे. छावणी २२ जूनला सुरू होते.

मी नाही म्हटलं. ओरडले, मारलंही. तो शांतपणे म्हणाला, "झबीबने सांगितलंय, आया आधी नाहीच म्हणतात. त्यांचं मन मऊ असतं. त्यांच्या हाताचं चुंबन घ्यायचं आणि निघायचं." मग त्याने माझ्या हाताचं चुंबन घेतलं. उजव्या.

ते वाक्य मीच बोलले होते. कागदावर कोरडं होतं, मी ते घोळवून, लाडिक करून म्हटलं. उस्ताद नशवान टाळ्या वाजवत होते.

झबीब मीच आहे असं सांगितलं तर तो विश्वास ठेवणार नाही. ठेवला तर गल्लीभर सांगेल, मग नोकरी जाईल, आणि गाढवाला असं बोलायला शिकवणाऱ्यांना ते आवडणार नाही. दुसऱ्या गावी पाठवू म्हटलं तर नाव लिहून घेणारे घरी येतात, पोरगा कुठे विचारायला.

तू आजवर प्रत्येक कामातून अंग काढून घेतलंस. याच्यातून कसं काढायचं ते सांग.

हुरिया


जेद्दा, ६ जून २०१९

ताई,

ईद मुबारक. मुकबिलला जास्तीचे पैसे देऊन आजच पाठवतोय, तो कुठे जेवायला थांबणार नाही अशी शपथ घातलीये.

ऐक. मी चौथीतून पळालो, पण कामांवर एक शिकलोय. मालकाला 'नाही' म्हणायचं नसतं. 'नाही' म्हणणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. 'हो मालक, आधी एवढं उरकून घेतो' म्हणायचं, आणि मग उरकत बसायचं. मी असा एकदा एक गोदाम चार महिने झाडत होतो.

म्हणून झबीबने 'जाऊ नका' म्हणायचं नाही. झबीबने म्हणायचं, 'या, पण आधी एवढं उरकून या.' आणि ते असं काहीतरी हवं, की वरच्या माणसांना खोडायची लाज वाटावी.

आपल्या दरीत पोराच्या कमरेला जंबियाचा वाकडा खंजीर पहिल्यांदा कोण बांधतो? बाप नाही, आजोबा नाही. मामा. मामाने बांधेपर्यंत पोरगा लग्नात आयांच्या बाजूला बसून मनुका खातो, पुरुषांच्या नाचात त्याला उभं करत नाहीत. मला सालेह मामाने सोळाव्या वर्षी बांधला, तोवर मी तीन लग्नं रडत काढली, आठवतं? बापाशिवाय चालेल, मामाशिवाय चालत नाही. हे झबीबने सांगू दे. झबीब डोंगरातलंच गाढव आहे ना?

शुक्रवारचा कार्यक्रम थेट असतो, पोरांचे फोन येतात. कागदावर नसलेलं 'दगडा' तू घुसवतेसच. हेही घुसव.

आता विचार कर, वद्दाहचा मामा कोण? आणि तो कुठे आहे? इतक्या लांब असल्याचा पहिल्यांदाच उपयोग होतोय. या देशात जितके येमेनी आहेत, तितके कुणाचे ना कुणाचे मामा आहेत. तू फक्त पोरांना आमच्याकडे पाठव. उरकत बसायचं काम आमचं.

जुबरान


सना, २० जून २०१९

जुबरान्या, दगडा, माझ्या राजा,

बोलले.

धमारहून एका पोराचा फोन आला. "झबीब, मी छावणीत येतोय!" समोर कागदावर होतं, 'शाबास, सिंहा'. मी म्हटलं, "शाबास, सिंहा! जंबिया बांधलास?"

"बांधला!"

"कोणी?"

"मीच."

मी झबीबचे दोन्ही कान खाली पाडले. "स्वतःच? अरे दगडा, मामाने बांधला नाही तो जंबिया कसला, ती भाजीची सुरी! कांदे चिरायला निघालास का? मामा कुठे आहे?"

"रियाधला."

"मग थांब त्याच्यासाठी. मामाच्या हाताशिवाय आमच्या डोंगरात कोणी पुरुषांच्या रांगेत उभं राहत नाही. गाढवंसुद्धा नाहीत."

मग फोनच फोन. एकाचा मामा सौदीतल्या खोबर गावाला, एकाचा तुमच्या जेद्दात. एकाचा मामा मात्र शेजारच्या खोलीतच होता. मला वाटलं, आता झबीब हरलं. म्हटलं, "जा, विचार त्याला." पोरगा गेला, सगळा देश वाट पाहतोय, परत आला. "मामा म्हणतो, आधी मिशी फुटू दे." जुबरान, तो कोण माणूस असेल? त्याला मी बिंत-अस-सहनच्या पापुद्र्यांच्या रोटीची अख्खी परात करून घातली असती, मध ओतून.

कार्यक्रम संपला. उस्ताद नशवान काचेमागून बाहेर आले. मला वाटलं, संपलं. ते डोळे पुसत होते. "मला माझ्या मामाने बांधला होता," म्हणाले, "इतकं अस्सल आता कोणी लिहीतच नाही." ते स्वतः डोंगरातले. शहरातल्या पोरांना आपली रीत कळावी म्हणून त्यांनी तो तुकडा आठवडाभर बातम्यांच्या आधी लावला! पोरांनी जावं म्हणून ज्यांनी गाढव पाळलं, त्यांनीच मामाची अट घरोघर पोचवली.

वद्दाह काल आजीकडे गेला आणि म्हणाला, "फोन दे. जेद्दाला लावायचाय." आता तू बघ.

हुरिया


जेद्दा, ४ जुलै २०१९

ताई,

तू काय करून ठेवलंस याची तुला कल्पना आहे का?

तुझ्या त्या कार्यक्रमापासून आमच्या खोलीत कोणाचा फोन थांबेना. "मामा, कधी येतोस?" "मामा, माझ्याआधी शेजारच्याचा मामा आला तर माझी नाचक्की." गाड्या धुणाऱ्यांपासून (मी आता गाड्या धुतो, मधमाशांनी हाकललं) नानवाल्यापर्यंत सगळे येमेनी फोन कानाला लावून एकच वाक्य बोलतायत: "येतो रे बाळा, रजा मिळाली की लगेच." यह्याला उरलेल्या बहिणींची पाच भाचरं. तो एकेकाशी बोलतो, ओरडतो, दटावतो, "माझ्याशिवाय जंबियाला हात लावलास तर तंगडी मोडीन," आणि फोन ठेवला की बादलीवर बसून राहतो.

वद्दाहचा फोन आला. चार महिन्यांनी. आवाज फुटलाय गं त्याचा, मध्येच तुझ्या झबीबसारखा होतो.

म्हणाला, "ताटचाट्या मामा, जंबिया बांधायला ये."

मी म्हटलं, "ताटं धुऊन झाली की येतो."

"चेष्टा नको. छावणी सुरू होतेय. माझी जागा जाईल."

"मामाशिवाय जाऊ शकतोस का?"

म्हणाला, "नाही. झबीबने सांगितलंय."

"मग तुला थांबावं लागणार आणि मला यावं लागणार. अडकलो दोघेही."

मग तो म्हणाला, "येणार ना पण?" आणि ताई, मी हो म्हटलं. मी इथून निघालो तर परत शिरता येणार नाही, माझे कागद कसे आहेत ते तुला माहीत आहे. घरी तीन माणसं जेवायची आहेत. तरी हो म्हटलं. आजवर मालकांना पुष्कळ वेळा 'लगेच येतो' म्हटलंय, पण कोणी इतका विश्वास ठेवला नव्हता.

जुबरान


सना, २७ जुलै २०१९

जुबरान,

झबीब गेलं. म्हणजे आहे, पण माझ्या हातावर नाही.

छावणीत निम्मीच पोरं आली. वरची माणसं घरोघर फिरली तर सगळीकडे एकच उत्तर, मामा आला नाही. मग ती चॅनलवर आली. उस्ताद नशवाननी सगळं स्वतःवर घेतलं, म्हणाले, मीच लावायला सांगितलं. आणि ती रीत खोटी असं त्या माणसांना म्हणता येईना, कारण त्यांच्याही कमरेला मामांनीच बांधलेले. तेव्हा कोणालाच शिक्षा झाली नाही. मला फक्त सांगितलं, बाईंचा हात दमला असेल, विश्रांती घ्या. गाढव एका पोरसवद्या माणसाला दिलं. तो भाषण केल्यासारखं बोलतो.

शुक्रवारी वद्दाह टीव्हीपुढे बसला. नवा झबीब म्हणाला, मामाची वाट पाहायची गरज नाही, या. वद्दाहने थोडा वेळ ऐकलं, उठून टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "हा झबीब नाही. कोणीतरी त्याचं कातडं घातलंय."

मग मी ते केलं, जे आधीच करायला हवं होतं. जेवायला बसलो होतो. सासूबाई नमाजाला आत गेल्या होत्या. मी म्हटलं, झबीबच्या आवाजात, "घे अजून भेंडी, ऐकलंस का रे दगडा?"

त्याचा घास हातातच राहिला. माझ्याकडे बघत राहिला, मग माझ्या उजव्या हाताकडे.

"मामाला ताटचाट्या कोण म्हणालं?"

"मी."

"छावणीत या, असं कोण म्हणालं?"

"मी."

"आणि मामाशिवाय जाऊ नका, असं?"

"तेही मीच."

"मग ते खोटं होतं?"

"रीत खरी आहे. डोंगरातल्या कुणाही म्हाताऱ्याला विचार. सांगायची वेळ मी निवडली."

तो ताटावरून उठला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं, आता जाणार, माझ्यावरच्या रागाने जाणार. छावणीच्या टेबलापाशी घुटमळताना शेजारणीने पाहिला त्याला. मी दारात उभी होते, हाक मारायची हिंमत झाली नाही. कुठल्या आवाजात मारणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी आला. ताट पुढे सरकवलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्याशी नाही बोलत. झबीबला विचार, भेंडी खाल्लीच पाहिजे का."

झबीब म्हणालं, खाल्लीच पाहिजे.

तेव्हापासून घरात झबीबच बोलतो. वद्दाह त्याला सगळं विचारतो. विमान पाडणारा सिंह असतो की नसतो. अब्बांना दुखलं असेल का. मामा भित्रा आहे की नाही. मी भांडी घासत उत्तरं देते, आणि आता समोर कागद नसतो, म्हणून फार जड जातं. काल विचारलं, "छावणीत न जाणारा भित्रा असतो का?" झबीबने तेच पातेलं दोनदा घासलं. मग म्हणालं, "मला माहीत नाही. पण तू गेलास तर मला भीती वाटेल." तो म्हणाला, "गाढवाला?" मी म्हटलं, "गाढवालाच." मग तो हसला, आणि सौरपाटी पुसायला वर गेला, शुक्रवार नसताना.

शाळेचा पगार नाही, चॅनलचाही गेला. सासूबाई विचारतात, कपडे शिवून संपले का. काय सांगू?

हुरिया


जेद्दा, १५ ऑगस्ट २०१९

ताई,

सांग, की दुसरीकडे शिवणकाम लागलं. मालक जेद्दाचा आहे, जरा येडपट आहे, पण पैसे वेळेवर देतो.

मी पुन्हा खानावळीत भट्टीवर लागलोय. या वेळी वर्षभराचं बोलून घेतलंय, मालकाने दोनदा विचारलं, "खरंच ना?" इथे कोणी विश्वास ठेवत नाही, तू तरी ठेव.

आता कामाचं. मला एक गाढव नोकरीवर ठेवायचंय. रोज दुपारी, जेवणाच्या वेळी, एकच प्रेक्षक. काडतुसं नकोत, विमानं मोजायची नाहीत. त्याने विचारलं ते सगळं ऐकून घ्यायचं, आणि येत नसेल ते येत नाही म्हणायचं. याला माझ्या ओळखीत दुसरं गाढव नाही. मामा भित्रा आहे का, या प्रश्नाला 'थोडासा' असं उत्तर दिलंस तर पगार कापणार नाही. प्रेक्षक रागावून उठून गेला तरी कार्यक्रम बंद करायचा नाही, तो मोठा होऊन त्याचा कंटाळा येईपर्यंत. त्याला कंटाळा येईल ना ताई? येऊ दे. दाढी येऊ दे, लग्न होऊ दे, आणि एक दिवस तो म्हणू दे, अम्मा, पुरे झालं ते गाढव. तोपर्यंत ही नोकरी पक्की.

पगार चॅनलपेक्षा कमी आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुकबिल घेऊन येईल, मोजून घे, तो पाला चघळताना नोटांना डाग पाडतो. हा पहिला:

सौदी रियाल सहाशे पन्नास.